पेटाऱ्यातले कागद आणि आपला वारसा

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा शब्दांकित मजकूर)



आरती झाली, प्रसाद झाला, आणि तरीही आपण खुर्च्यांवर बसून आहात, याबद्दल आधी आभार मानतो. लोकमान्यांनी हा उत्सव सार्वजनिक केला तेव्हापासून त्यात व्याख्यानाला जागा आहे. आता ऑर्केस्ट्राला जास्त जागा आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कार्यकारिणीने यंदा एक संध्याकाळ इतिहासाला दिली आणि मला विषय दिला, 'छत्तीसगढमधील आपला वारसा'. मी विषय वाचला आणि 'आपला' या शब्दावरच अडलो. आपला म्हणजे कोणाचा? मराठी माणसांचा, की छत्तीसगढमध्ये राहणाऱ्या सगळ्यांचा? आजचे सगळे बोलणे या एका शब्दाभोवती आहे असे समजा.

आपल्या शहरात तात्यापारा आहे. 'तात्या' मराठी आणि 'पारा' छत्तीसगढी. एका नावात दोन घरे नांदतात. लाखेनगर आहे, सप्रे शाळा आहे. रोज त्या चौकातून स्कूटर नेणाऱ्या दहा जणांना विचारा की लाखे कोण. दोघे सांगतील की कोणी पुढारी असावेत, आठ जण पेट्रोलपंपाचा पत्ता सांगतील. नाव शिल्लक राहते आणि माणूस निघून जातो. सार्वजनिक स्मृती म्हणतात ती बरीचशी अशी असते. तिला पाटी पुरते, माहिती लागत नाही. आणि माहिती नसली की त्या रिकाम्या जागेत आपण आपल्याला आवडेल ते भरतो. एरवी ते चालूनही जाते, पण इथे आपल्या शेजाऱ्यांचीही स्मृती आहे आणि ती आपल्या स्मृतीशी जुळत नाही. तिथे अडचण होते.

उदाहरण जवळचेच घेऊ. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर, ज्यांना सगळे भास्करपंत म्हणतात, १७४१ च्या अखेरीस बंगालच्या वाटेवर रतनपुरावर आले. तिथे हैहयवंशी कलचुरींची गादी होती. पिढ्यान्‌पिढ्यांचे राज्य. राजा रघुनाथसिंह म्हातारा झालेला, मुलगा वारलेला, दुःखाने खचलेला. त्याने लढाईची तयारीच केली नाही. तोफा लागल्या, वाड्याचा काही भाग पडला, तेव्हा एका राणीने तटावर चढून तहाचे निशाण दाखवले, असे इंग्रजी अमलातल्या गॅझेटियरमध्ये लिहिले आहे. एक लाख रुपये दंड बसला. खजिना गेला. आणि पंत पुढे निघून गेले.

आपल्या घरांतून ही गोष्ट कशी सांगितली जाते? 'भोसल्यांनी छत्तीसगढ जिंकले.' एवढेच. जिंकले हे क्रियापद फार सोयीचे असते, कारण त्यात समोर कोण होते हे सांगावे लागत नाही.

हेच भास्करपंत पुढे बंगालात उतरले. १७४२ पासून १७५१ पर्यंत मराठ्यांच्या स्वाऱ्या तिथे होत राहिल्या. मार्च १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने त्यांना बोलणी करण्यासाठी मनकऱ्याच्या छावणीत बोलावले आणि सोबतच्या सरदारांसह दग्याने मारले. आपल्याकडे ही हकिकत विश्वासघाताची म्हणून सांगतात, आणि तो विश्वासघात होताच. पण बंगाली आई बाळाला झोपवताना आजही ज्या 'बर्गीं'ची भीती घालते, ते बर्गी म्हणजे हीच फौज. शब्द आपलाच आहे, बारगीर. ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार. आपल्या लष्करी परिभाषेतला एक साधा हुद्दा बंगालात जाऊन बागुलबुवा झाला. गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात बंगालीत 'महाराष्ट्र पुराण' लिहिले. नाव ऐकून एखाद्याला वाटेल की आपली स्तुती असेल. तिच्यात गावे जळण्याची आणि लोक पळून जाण्याची वर्णने आहेत. कलकत्त्याच्या लोकांनी आपल्याला अडवण्यासाठी खंदक खणला, त्या 'मराठा डिच'चे नाव तिथल्या एका गल्लीला अजून आहे.

म्हणजे एक मनुष्य आणि स्मृती तीन. नागपूरच्या बखरीत तो शूर सेनापती, रतनपूरच्या परंपरेत म्हाताऱ्या राजावर चालून आलेला, आणि बंगालच्या पाळण्यात भीतीचा विषय. यातली कोणती खरी? विद्यार्थी हा प्रश्न विचारत तेव्हा मी म्हणत असे, तिन्ही खऱ्या आहेत. स्मृती म्हणून खऱ्या. फौज किती होती, पैसा किती घेतला, कोणत्या वाटेने गेली, पावती कोणाच्या नावाने फाडली, हे मात्र स्मृतीला विचारून भागत नाही. त्याला कागद लागतो आणि कागद वाचणारा माणूस लागतो.

इथे मला जदुनाथ सरकार आणि रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांची आठवण करून द्यावीशी वाटते. एक बंगाली, एक मराठी. एकाच्या घरी बर्गींची अंगाई, दुसऱ्याच्या घरी पानिपताच्या गोष्टी. दोघांनी अनेक वर्षे एकमेकांना पत्रे लिहिली, एकमेकांची साधने तपासली, मतभेद झाले तर लेखी केले. जदुनाथांनी मराठी कागदांसाठी मराठी शिकून घेतली. सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले आणि ते जदुनाथांच्या आग्रहाशिवाय झाले नसते. दोघांपैकी कोणीही आपल्या घरची स्मृती सोडली नाही. तिला पुरावा मागितला, एवढेच.

आता आपल्या छत्तीसगढकडे परत येऊ. रतनपूरला गेलेल्यांनी रामटेकडी पाहिली असेल. रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत इथे राहून राज्य केले. राहून, हा शब्द महत्त्वाचा आहे. त्यांनी नागपूरजवळच्या रामटेकाची आठवण म्हणून टेकडीवर राममंदिर बांधले. दसऱ्याला सोने वाटण्याची आपली पद्धत त्यांनी इथे रुजवली असे मानतात. प्रारंभी लोकांना ते परके आणि कठोर वाटले, पुढे आपले वाटू लागले, असे जुने वृत्तांत सांगतात. मला यात नवल वाटत नाही. जो माणूस तीस वर्षे एका गावात राहतो, तिथल्या तळ्यावर आंघोळ करतो आणि तिथेच मरतो, त्याला गाव सोडून देत नाही.

त्यांच्या मागून सत्ता व्यंकोजींकडे गेली. त्यांनी नागपुरात राहून सुभेदारांमार्फत कारभार चालवला. १७८७ ते १८१८ हा सुभ्यांचा काळ. पहिले महिपतराव दिनकर, मग विठ्ठलराव दिनकर. या विठ्ठलरावांनी जुन्या छत्तीस गढांची व्यवस्था मोडून परगणे पाडले, त्यांवर कमाविसदार, फडणवीस आणि बरारपांडे नेमले. लक्षात घ्या, ज्या गढांवरून या राज्याला आज नाव आहे ते गढ कारभारातून काढून टाकणारा अंमलदार मराठी होता. त्याने ते द्वेषाने केले नाही, वसुलीच्या सोयीसाठी केले. तरी झाले ते झाले. त्याच सुमारास, १७९५ साली, कॅप्टन ब्लंट नावाचा इंग्रज इथून गेला. रायपूर हे सुमारे तीन हजार घरांचे, मोठा दगडी किल्ला असलेले, व्यापारात रतनपूरच्या पुढे गेलेले गाव असल्याचे त्याने लिहून ठेवले. पण राजधानी अजून रतनपूरलाच होती. ती रायपूरला आणली अॅग्न्यू या इंग्रज अधीक्षकाने, १८१८ नंतर. त्यामुळे 'रायपूर ही भोसल्यांनी वसवलेली राजधानी' असे जे एखाद्या भाषणात ऐकू येते, ते दोन्ही बाजूंनी चूक आहे. वस्ती कलचुरींची, राजधानीचा मान इंग्रजांचा.

सुभ्यांच्या काळाबद्दल इंग्रजांनी फार वाईट लिहिले आहे. लूट, उजाड गावे, पळालेले रयत. अॅग्न्यूचा १८२० चा अहवाल आपण वाचावा. मात्र वाचताना हेही ध्यानात ठेवावे की नव्या मालकाला जुन्या मालकाचा कारभार नेहमीच वाईट दिसतो. आणि मग तेवढ्यावर समाधान मानून पुस्तक मिटूही नये. कारण बस्तरच्या बाजूला तिसरी साक्ष आहे. बस्तरचे राजे नागपूरला टाकोळी म्हणजे खंडणी देत. परलकोटचे जमीनदार गेंदसिंह यांनी १८२४ च्या अखेरीस उठाव केला. धावड्याच्या फांद्या गावोगाव फिरवून निरोप दिले गेले असे सांगतात. अबुझमाडचे लोक धनुष्यबाण घेऊन उतरले. उठाव कोणाविरुद्ध होता? मराठे आणि इंग्रज, दोघांविरुद्ध. तेव्हा नागपूरच्या गादीवर तिसरे रघूजी अल्पवयीन होते आणि कारभार रेसिडेंट जेंकिन्सच्या हातात होता, हे खरे. पण अबुझमाडच्या माणसाकडे वसुलीला जो शिपाई जात होता त्याच्या तोंडी कोणती भाषा असेल, याचा विचार आपण करू शकतो. २० जानेवारी १८२५ रोजी गेंदसिंहांना त्यांच्याच वाड्यासमोर फाशी दिली. आज छत्तीसगढ त्यांना आपला पहिला हुतात्मा मानते. आपल्या मुलांच्या शाळेच्या पुस्तकात त्यांचे नाव येते. मूल घरी येऊन विचारते, 'आजोबा, त्यांच्याशी कोण लढत होते?' त्या वेळी आजोबांनी टीव्हीचा आवाज वाढवू नये, अशी माझी विनंती आहे.

यावर काहीजण मला म्हणतात, 'सर, ही जुनी धुणी कशाला? आपण इथे अल्पसंख्य. नोकरीला आलो, रेल्वेत आलो, शाळांत मास्तर म्हणून आलो. भोसल्यांशी आमचा काय संबंध?' म्हणणे रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेक घरे भोसल्यांच्या फौजेबरोबर आलेली नाहीत. पण शिवजयंतीला आणि स्नेहसंमेलनाला आपण 'इथे आपले राज्य होते' असे मोठ्या अभिमानाने सांगतो. मग अभिमानापुरते भोसले आपले आणि हिशेबाच्या वेळी परके, असे कसे चालेल? वारसा घ्यायचा तर खातेवहीसकट घ्यावा लागतो. जमा एका पानावर असते, नावे दुसऱ्या.

ही खातेवही आहे तरी कुठे? काही नागपूरच्या दप्तरात, काही पुण्याच्या पुराभिलेखागारात, आणि काही, हे मी जबाबदारीने सांगतो, या मंडपात बसलेल्यांच्या माळ्यावर. जुन्या पेटाऱ्यात, पितळी डब्यात, देव्हाऱ्याच्या मागे, लाल फडक्यात गुंडाळलेली. आपण तिला 'मोडीतले कागद' म्हणतो. आणि मोडी म्हणजे काय, तर जे आपल्याला येत नाही ते.

मोडी अवघड नाही, पण तिच्या खोडी आहेत. आधी रेघ ओढून घेतात आणि तिला अक्षरे टांगत जातात. हात न उचलता लिहायचे म्हणून शब्द तोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ठेवत नाहीत. ओळ कुठे संपली हे कळते, वाक्य कुठे संपले हे आपण ठरवायचे. तारीख तर वेगळीच विद्या. 'सन इसन्ने अर्बैन मया व अलफ' असे लिहिलेले असते. अरबी अंक आहेत. इसन्ने म्हणजे दोन, अर्बैन चाळीस, मया शंभर, अलफ हजार. झाले ११४२. हा सुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की १७४१. सन मृगात सुरू होतो, म्हणून त्याचा उत्तरार्ध १७४२ मध्ये जातो. म्हणजे भास्करपंत रतनपूरला आले ते वर्ष. एवढी एक ओळ लागली की कागद बोलू लागतो. ती लागली नाही तर तो कागद रद्दीच्या भावात जातो, आणि गेलेले मी पाहिले आहेत.

काही वर्षांपूर्वी इथल्याच एका घराने मला एक कागद दाखवला. घरात पिढ्यान्‌पिढ्या समजूत अशी की ही भोसल्यांनी दिलेल्या गावाची सनद आहे. दसऱ्याला तिची पूजा होत असे, हळद-कुंकवाचे डाग त्यावर होते. मी वाचला. सनद नव्हती. ते कर्जखत होते. पूर्वजाने बियाण्यासाठी धान्य आणि काही रुपये उसने घेतले होते, शेजारच्या एका छत्तीसगढी मालगुजाराकडून. घरातल्या आजींचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटले, खोटे कशाला सांगू. पण मग खाली साक्षी होत्या. त्या वाचून दाखवल्या. एका साक्षीदाराच्या नावापुढे नांगराची निशाणी. सही येत नव्हती म्हणून त्याने नांगर काढला होता. ओल्या शाईतून जरा फिस्कटलेला. ज्या माणसाकडून कर्ज घेतले त्याच्या गावातला तो शेतकरी, एका परक्या मराठी माणसासाठी जामिनाला उभा राहिला होता. आजी बराच वेळ त्या नांगराकडे बघत होत्या. नंतर म्हणाल्या, 'म्हणजे आपल्याला यांनी ठेवून घेतलं.' तीस वर्षे इतिहास शिकवून मला त्या कागदाचे इतके नेमके वाचन सुचले नसते. मी एवढेच म्हणालो, 'पूजा चालू ठेवा.'

आता थोडे वेगळ्या वारशाबद्दल. राज्य करणाऱ्यांचे बोललो, वाचणाऱ्यांचे बोलू.

महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी कोकणातले, नागपुरात संस्कृतचे प्राध्यापक. त्यांनी कलचुरींचे लेख वाचून, ताडून १९५५ साली कलचुरी-चेदी संवताच्या कोरीव लेखांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. छत्तीसगढच्या मध्ययुगाचा कणा आज ज्या लेखांवर उभा आहे त्यांतले बहुतेक तिथे आहेत. जाजल्लदेवाचा रतनपूर शिलालेख, कलचुरी संवत ८६६, म्हणजे इसवी सन १११४. हा दगड रतनपूरचा, पण ठेवलेला आहे नागपूरच्या संग्रहालयात. (त्यावर कधीतरी वेगळे बोलता येईल.) रायपूरचा १४०२ चा ब्रह्मदेवाच्या वेळचा लेख हाटकेश्वराच्या देवळाची हकिकत सांगतो. आणि माझा सर्वांत आवडता म्हणजे खल्लारीचा, १४१५ चा. त्यात नारायणाचे देऊळ कोणी बांधले याची नोंद आहे. राजाने नाही, सरदाराने नाही. देवपाल नावाच्या मोच्याने. चर्मकाराने सहाशे वर्षांपूर्वी विष्णूचे देऊळ बांधले, आणि ते राजाच्या वंशावळीसकट संस्कृतात कोरले गेले. गावाने कदाचित हे विसरून टाकले असते. सोयीचे नव्हते. दगड विसरला नाही, आणि तो वाचणारे निघाले.

तसेच मोरेश्वर गंगाधर दीक्षित. १९५३ ते १९५६ त्यांनी सिरपूरला उत्खनन केले, आनंदप्रभू भिक्षूचा विहार मातीतून वर आणला. महाशिवगुप्त बालार्जुनाच्या काळातला. आज आपण पाहुण्यांना गाडीत घालून सिरपूर दाखवायला नेतो, लक्ष्मण मंदिरासमोर फोटो काढतो, आणि दीक्षितांचे नाव कोणाला सांगत नाही. कारण आपल्यालाच ठाऊक नसते.

आणि माधवराव सप्रे. मातृभाषा मराठी. जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. सोबत रामराव चिंचोळकर, आणि प्रकाशक वामन बळीराम लाखे. होय, तेच आपले लाखेनगरचे लाखे. पुढे सहकारी चळवळीत त्यांनी मोठे काम केले. मासिक तीन वर्षे चालले आणि पैशापायी बंद पडले. पण छत्तीसगढमधल्या पत्रकारितेचा आरंभ तिथून मोजतात. सप्र्यांनी दासबोध हिंदीत नेला, लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले, रायपुरात मुलींची शाळा काढली. या तिघांनी इथल्या लोकांना मराठी शिका म्हटले नाही. आपल्याकडचे चांगले ते इथल्या भाषेत दिले. भोसल्यांच्या नावापुढे या राज्यात आज प्रश्नचिन्ह लागते, सप्र्यांच्या नावापुढे लागत नाही. यातला फरक आपल्या कार्यकारिणीच्या एखाद्या बैठकीत चर्चेला घ्यावा.

आता ही वाचणारी जात संपत चालली आहे, ते बोलतो. आपल्या रायपुरात एनआयटी आहे, एम्स आहे, आयआयएम आहे. आनंदाची गोष्ट आहे, माझीही नातवंडे त्याच रांगेत उभी आहेत. पण दहावीला नव्वद टक्के मिळवलेल्या मुलाने 'मला इतिहास घ्यायचा आहे' म्हटले तर घरात जे होते ते सुतक आल्यासारखे असते. 'इतिहास घेऊन काय करणार?' हा प्रश्न मला चाळीस वर्षे विचारला जातो आहे. स्पर्धा परीक्षेचा ऐच्छिक विषय म्हणून इतिहास चालतो. तिथे सनावळ्या पाठ करायच्या, अधिकारी व्हायचे आणि विसरायच्या. पण शिलालेखाचा ठसा घेणे, मोडी लावणे, दोन बखरी समोर ठेवून कोण कोणाची नक्कल करतो आहे हे ओळखणे, याला वर्षे जातात आणि पगार उशिरा सुरू होतो. निवृत्त झालेल्या प्राध्यापकाची जागा भरली जात नाही, विभागात एकच माणूस उरतो, आणि तो निवडणुकीच्या ड्यूटीवर असतो. इथे बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांना हे सांगायला नको.

गंमत अशी की इतिहासाचे विद्यार्थी कमी झाले आणि इतिहासावरून चिडणारे वाढले. सकाळी मोबाईल उघडला की चार ऐतिहासिक संदेश पडलेले असतात, खाली 'पुढे पाठवा'. साधन कोणते, पान कोणते, काही नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर ५ जानेवारी २००४ रोजी काय झाले ते आपल्याला आठवत असेल. एका परदेशी अभ्यासकाच्या शिवचरित्रावरील पुस्तकात आक्षेपार्ह मजकूर होता, आणि त्याने प्रस्तावनेत संस्थेतल्या विद्वानांचे आभार मानले होते. एवढ्यावरून जमाव चालून गेला. कपाटे फोडली, ग्रंथ आणि पोथ्या फेकल्या. मजकुराबद्दल राग येणे मी समजू शकतो, त्या विधानाला पुरावा नव्हता. पण पुरावा नाही हे कशावरून सांगायचे? त्याच कपाटांतल्या कागदांवरून. सरकारने पुस्तकावर बंदी घातली, ती न्यायालयात टिकली नाही, २०१० साली सर्वोच्च न्यायालयातही नाही. फाटलेली पोथी मात्र कोणत्याही न्यायालयाच्या निकालाने शिवली जात नाही. महाराजांच्या नावाने महाराजांच्या काळाची साधने तुडवली गेली, याचे दुःख मला अजून आहे.

राजवाडे सतरंजी-लोटा घेऊन गावोगाव फिरले, लोकांच्या माळ्यांवर चढले, आणि बावीस खंड उभे केले. त्यांना कोणी अनुदान देत नव्हते. पण त्यांना दार उघडणारी घरे होती. आज आपण सुखवस्तू आहोत, दार बंद आहे, आणि आत वाळवी आहे. मी मोठी मागणी करत नाही. मंडळाने वर्षातून पंधरा दिवस मोडीचा वर्ग चालवावा, आणि तो फक्त मराठी मुलांसाठी ठेवू नये. रतनपूरच्या, राजिमच्या, कांकेरच्या मुलांनी मोडी शिकली पाहिजे. त्यांच्या गावांची वसुली, त्यांच्या जमीनदारांची पत्रे, परलकोटच्या वेळचे निरोप, हे सगळे ज्या लिपीत असण्याचा संभव आहे ती त्यांना वाचता आली पाहिजे. मग ते आपल्याला आपल्याबद्दल काय सांगतील ते सांगोत. मला तर वाटते, अध्यक्षांनी पहिले निमंत्रण एखाद्या गोंड विद्यार्थ्याला द्यावे आणि त्याचे शुल्क मंडळाने भरावे.

शेवटी पेटाऱ्याचे व्यवहारज्ञान सांगतो आणि खाली बसतो, कारण मागे पानवाला आवराआवर करतो आहे.

कागद सापडले तर आधी ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने ठेवा. बांधणीचाही अर्थ असतो, दप्तरखान्यात तिला रुमाल म्हणतात. झटकू नका, उन्हात टाकू नका. घडीवर फाटलेला असेल तर जबरदस्तीने उलगडू नका. चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षर घेऊन निघते. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. आपली तरुण मंडळी प्रेमापोटी हेच पहिले करतात. उष्णतेने शाई भाजते आणि ते प्लास्टिक पुन्हा काढता येत नाही. मोबाईलवर फोटो घ्या, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, दोन्ही बाजूंनी, कारण पाठीमागे बहुधा पावती असते. सुती धुवट कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. डांबराच्या गोळ्या कागदाला लागतील अशा टाकू नका. कोणी विकत मागितले तर देऊ नका, वाचायला मागितले तर समोर बसून दाखवा.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा की हे कागद कोणत्या गावाहून आले, कोणाच्या हातून आले. उत्तर एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. मी अनंत चतुर्दशीपर्यंत रोज संध्याकाळी आरतीनंतर मंडपाच्या डाव्या बाजूच्या टेबलाशी बसणार आहे. भिंग माझ्याकडे आहे.